व्याख्यान चालू असताना पोस्ट लिहायची कशी?

उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी सहाला व्याख्यान सुरू होतं तेव्हा लंडनमध्ये दुपारचा दीड वाजलेला असतो आणि न्यू यॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ. तिथला मराठी माणूस, सोलापुरात रात्रपाळीला निघालेली नर्स, परतीची एसटी मिळणार नाही म्हणून गावातच थांबलेला विद्यार्थी, या सगळ्यांपर्यंत ते व्याख्यान त्याच संध्याकाळी पोचतं ते सभागृहात बसलेल्या कुणाच्या तरी फोनमुळे. हा लेख त्या फोनवाल्यांसाठी आहे. व्याख्यानमाला असो, वैद्यकीय परिषद असो, साहित्य संमेलन असो की कॉलेजातलं चर्चासत्र, पद्धत बरीचशी सारखीच असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कमी लिहा, दोन मिनिटं उशिरा लिहा, पण वक्ता जे बोलला तेच लिहा. जो माणूस तिथे हजर नाही त्याच्याकडे तुमची पोस्ट तपासून बघायचं कुठलंही साधन नसतं. त्याच्यासाठी वक्ता म्हणजे तुम्ही लिहिलेल्या चार ओळी. आणि वक्ता तर त्या वेळी व्यासपीठावर असतो. आपल्या नावावर काय खपतंय हे त्याला कार्यक्रम संपल्यावरच कळतं. या दोघांचीही बाजू सांभाळायची जबाबदारी आपली.

घरून निघण्याआधी

निम्मं काम घरीच होतं. कार्यक्रमपत्रिका समोर ठेवा आणि वक्त्याचं नाव, पद, संस्था यांचं शुद्धलेखन एका नोटमध्ये टाइप करून ठेवा. सभागृहात अंधारात, घाईत टाइप केलेलं आडनाव हमखास चुकतं. वक्त्याचं अधिकृत खातं शोधून ठेवा. एकाच नावाची पाच खाती असतात, त्यांतलं चुकीचं टॅग झालं तर भलत्याच माणसाला दिवसभर नोटिफिकेशन येत राहतात.

मग पहिली पोस्ट लिहूनच ठेवा: आज कुठे, किती वाजता, कोण, कशावर बोलणार आहे, आणि पुढच्या पोस्ट याच थ्रेडमध्ये येतील. थ्रेड करायचा म्हणजे प्रत्येक नवी पोस्ट आपल्याच आधीच्या पोस्टला उत्तर म्हणून टाकायची. सुट्या सुट्या टाकल्या की वाचणाऱ्याला चौथी आधी दिसते आणि पहिली दुसऱ्या दिवशी.

विषयाची थोडी पूर्वतयारीही हवीच. वक्त्याचा एखादा जुना लेख वाचा, एखादी मुलाखत ऐका. त्यांची परिभाषा कानावरून गेलेली असली की व्याख्यानात ती लगेच पकडता येते. भूजलावरच्या व्याख्यानाला जाताना पाझर आणि पुनर्भरण यांतला फरक माहीत नसेल तर तुमच्या पोस्टमध्ये ते दोन्ही एकच होऊन बसतील.

फोनची तयारी छोटीच आहे: बॅटरी पूर्ण, पॉवर बँक, मराठी कीबोर्ड, आणि लांबलचक नावांसाठी शॉर्टकट. बहुतेक कीबोर्डमध्ये स्वतःची शब्दसूची करायची सोय असते. दोन अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव उमटतं. मोठ्या सभागृहात शेकडो फोन एकाच टॉवरवर असतात, त्यामुळे रेंज दिसते पण पोस्ट जात नाही. म्हणून मजकूर नोट्समध्ये लिहायचा आणि तिथून चिकटवायचा. थेट ॲपमध्ये लिहिलेलं वाक्य नेट गेल्यावर उडून जातं, आणि तोवर वक्ता तीन मुद्दे पुढे गेलेला असतो. मंत्री किंवा त्याहून मोठे पाहुणे येणार असतील तर सुरक्षातपासणीत पॉवर बँक, कधी बॅगसुद्धा बाहेर ठेवावी लागते, तेही आधी विचारून घ्या.

कार्यक्रम अनेक दिवसांचा असेल तर कुठल्या सत्राला कोण बसणार हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या दिवसांत दिल्लीत झालं. उद्घाटन विज्ञान भवनात आणि पुढचे कार्यक्रम तालकटोरा स्टेडियमवर. अशा ठिकाणी एकट्याने सगळं टिपायला गेलं की सगळ्याच सत्रांचं थोडं थोडं हाती लागतं आणि एकाचंही धड नाही. दोघं-तिघं मिळून वाटून घ्या. तेही जमणार नसेल तर एक परिसंवाद निवडा आणि तो नीट करा.

हॅशटॅग

हॅशटॅगची कल्पनाच मुळी मेळाव्यांच्या निमित्ताने आली. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की एखाद्या गटाचं बोलणं एकत्र दिसावं म्हणून शब्दाआधी # हे चिन्ह लावावं, आणि उदाहरण दिलं ते बारकॅम्प या मेळाव्याचं. काम आजही तेच आहे, एका कार्यक्रमाचं सगळं एका जागी सापडणं.

आयोजकांनी टॅग दिला असेल तर तोच वापरा, स्वतःचा काढू नका. तुम्ही आयोजक असाल तर टॅग ठरवण्याआधी तो शोधून बघा, कुणी दुसऱ्याच कामासाठी वापरत नाही ना याची खात्री करा. मराठी टॅगमध्ये काही जागा अडचणीच्या आहेत. मध्ये जागा सोडली किंवा संयोगचिन्ह घातलं की टॅग तिथेच तुटतो. कुणी 'संमेलन' लिहितं, कुणी 'सम्मेलन'. दोन वेगळे ढीग तयार होतात. 'दऱ्या'मधला किंवा 'ऱ्हास'मधला र वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या पद्धतीने साठवला जातो. दिसायला तोच, फोनच्या लेखी दुसरा. म्हणून टॅग छोटा, शक्यतो जोडाक्षरं नसलेला ठेवा आणि बॅनरवर, प्रवेशद्वारापाशी, पहिल्या स्लाइडवर ठळक छापा. सूत्रसंचालकाने तो एकदा तोंडानेही सांगावा.

कुठे बसायचं

तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. तिथून पडदा सरळ दिसतो आणि फोटोसाठी उठायचं झालं तर पाच जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. अगदी पहिल्या रांगेत बसून फोनमध्ये मान घालणं वक्त्याला फार खुपतं. शक्य असेल तर सुरू होण्याआधी त्यांना भेटून सांगा की मी तुमच्या मुद्द्यांच्या पोस्ट टाकणार आहे, फोन हातात दिसला तर गैरसमज नको. बहुतेक वक्ते खूश होतात, आणि एखादा मुद्दा बाहेर जायला नको असेल तर तेही आधीच कळतं. फोन सायलेंट, कीबोर्डचा आवाज बंद, स्क्रीनचा उजेड कमीत कमी. मागच्या माणसाच्या डोळ्यांत तो उजेड जातो हे आपल्या लक्षात येत नाही.

पहिला अर्धा तास

आपल्याकडे कार्यक्रम पत्रिकेतल्या वेळेला सुरू होतो म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचा परिचय सुरू होतो. यातलं काही पोस्ट करायचंच असेल तर एक फोटो पुरे. सत्काराचे सात फोटो टाकले की वाचणारे कंटाळून निघून जातात, आणि मुख्य भाषण सुरू होईपर्यंत कुणी उरत नाही. हा वेळ वक्त्याच्या नावाची, परिचयात सांगितलेल्या माहितीची खातरजमा करायला वापरा. सूत्रसंचालकाने सांगितलेलं पद जुनं असू शकतं.

मुख्य वक्ता उभा राहिल्यावरही पाच-सात मिनिटं काही लिहू नका, नुसतं ऐका. वक्त्याची लय, त्याची विनोदाची तऱ्हा, तो गंभीर केव्हा होतो हे कळायला एवढा वेळ लागतोच.

वाक्य कुणाचं आहे?

या लेखातला एवढाच भाग वाचलात तरी चालेल.

आपल्याकडच्या वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष मांडायचा, प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याहून चांगलं सांगायचं, आणि मग उत्तरपक्षात ते खोडायचं, ही जुनी शिस्त आहे. चांगले मराठी वक्ते आजही असंच बोलतात. सोशल मीडियावर मात्र पूर्वपक्षाचं एक वाक्य सुटं निघतं, वक्त्याच्या नावावर चिकटतं, आणि ज्या मताच्या विरोधात तो माणूस तासभर बोलला तेच त्याचं मत म्हणून पसरतं.

समजा, मराठी शाळांवरचं व्याख्यान चालू आहे. वक्त्या म्हणतात: "मराठी माध्यमात शिकून पोटाला मिळत नाही, असं आईबाप मला तोंडावर सांगतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी भोगलंय. पण ज्या शाळेत मराठीतून उत्तम शिकवून इंग्रजीही नीट शिकवलं जातं, त्या शाळेपुढे प्रवेशाला रांग असते. तेव्हा दुखणं माध्यमाचं नाही, शिकवण्याचं आहे."

पहिलं वाक्य कानावर पडताच हात शिवशिवतात. खटकेबाज आहे, आकडा-बिकडा काही तपासायचा नाही, लगेच टाकता येतं: 'मराठी माध्यमात शिकून पोटाला मिळत नाही', खाली वक्त्यांचं नाव. पुढच्या दहा मिनिटांत त्याखाली शिव्या सुरू होतात. वक्त्या अजून बोलतच असतात.

त्याऐवजी 'पण' येईपर्यंत थांबा. 'असं म्हटलं जातं', 'कुणी म्हणेल', 'लोक मला विचारतात' असे शब्द ऐकले की समजायचं, हा पूर्वपक्ष आहे. वही किंवा नोट उघडून खूण करायची. 'पण', 'वास्तविक', 'तेव्हा' ऐकलं की उत्तरपक्ष आला. मग पोस्ट अशी होते: 'पालक मराठी माध्यम नाकारतात त्यामागचा अनुभव खरा आहे, पण दुखणं माध्यमाचं नसून शिकवण्याचं आहे, असं त्यांचं म्हणणं. मराठीतून उत्तम शिकवून इंग्रजीही नीट शिकवणाऱ्या शाळांपुढे प्रवेशाला रांग असते, हा त्यांचा दाखला.' यात खटका कमी आहे. पण हे वाचून नर्सला आणि न्यू यॉर्कवाल्याला व्याख्यान कळतं.

टिपणं काढताना समासात तीन खुणा ठेवाव्यात असं मी सगळ्यांना सांगते. 'अ' म्हणजे अवतरण, शब्द न् शब्द वक्त्याचा. 'सा' म्हणजे सारांश, विचार वक्त्याचा आणि शब्द माझे. 'मा' म्हणजे माझं, मला सुचलेलं किंवा मला न पटलेलं. पोस्ट लिहिताना 'अ'लाच अवतरणचिन्हं मिळतात. 'सा'च्या शेवटी 'असं त्यांचं म्हणणं' किंवा 'असा मुद्दा त्यांनी मांडला' येतं. 'मा' आलं तर पोस्टच्या सुरुवातीलाच 'माझी शंका:' असं स्पष्ट लिहायचं. व्याख्यान चालू असताना 'मा' जितकं कमी तितकं बरं. वाद घालायला पुढचे चार दिवस मोकळे आहेत आणि तोवर वक्त्याचं पूर्ण म्हणणंही तुमच्या हाती असतं.

अभंग, ओव्या, शेर, सुभाषितं यांच्या बाबतीत जरा जास्त सावध राहा. वक्ता तुकोबांची ओळ म्हणतो, नाव घेत नाही कारण समोरच्यांना ती ठाऊक आहे असं तो गृहीत धरतो, आणि ती ओळ वक्त्याचीच म्हणून फिरू लागते. उलटही होतं: वक्त्याचं स्वतःचं वाक्य एखाद्या संताच्या नावावर जमा होतं. ओळ कुणाची हे नक्की माहीत नसेल तर ती सोडून द्या किंवा नंतर वक्त्यालाच विचारा. ओळ टाकणार असाल तर छापील पाठाशी ताडून टाका, कारण बोलताना वक्त्यांचेही शब्द पुढेमागे होतात.

आकड्यांचंही तेच. 'बारा हजार कोटी' आणि 'बाराशे कोटी' माइकच्या घुमणाऱ्या आवाजात सारखेच ऐकू येतात. ऐकलेला आकडा पडद्यावरही दिसला तर टाका. नाही तर मुद्दा आकड्याविना लिहा, कार्यक्रमानंतर विचारून भर घाला.

संमेलनाध्यक्षांचं भाषण बहुधा छापील स्वरूपात वाटतात. ती प्रत मिळवाच. मात्र प्रत्यक्षात अध्यक्ष कागद सोडून बोलतात, काही पानं गाळतात, काही आयत्या वेळी घालतात. म्हणून 'छापील भाषणात' आणि 'बोलताना' हा फरक पोस्टमध्ये दिसू द्या.

अक्षरांचं गणित

एक्सवर, म्हणजे आधीच्या ट्विटरवर, फुकट खात्याला एका पोस्टमध्ये २८० चिन्हं मिळतात. मराठीत ती वाटतात त्याहून लवकर संपतात, कारण तिथे मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजली जाते. 'ज्ञानेश्वरी' ही डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मोजणीत अकरा भरतात. 'व्याख्यानमाला' पाच अक्षरांची, मोजणीत तेरा. लिंक कितीही लांब असली तरी २३ चिन्हं खाते. हिशेबाला साधारण पस्तीस ते चाळीस मराठी शब्द धरा, त्यात टॅग आणि वक्त्याचं नावही आलं.

आणि नाव प्रत्येक पोस्टमध्ये हवं, निदान आडनाव तरी. थ्रेडमधली सातवी पोस्ट स्क्रीनशॉट होऊन एकटीच फिरते. तिच्यावर नाव नसेल तर ते मत तुमचं ठरतं. थ्रेड्स या ॲपवर ५०० चिन्हं मिळतात, फेसबुकवर मर्यादा जाणवतच नाही, पण म्हणून व्याख्यान चालू असताना परिच्छेद लिहीत बसू नका. एका पोस्टमध्ये एक मुद्दा. तासाभराच्या व्याख्यानाला आठ-दहा पोस्ट भरपूर झाल्या.

व्हॉट्सॲपचा वेगळा विचार

मराठी वाचकांचा मोठा भाग एक्सवर नाही, व्हॉट्सॲपवर आहे, हे लक्षात ठेवून काम करा. तिथे थ्रेड नाही, टॅगचा उपयोग नाही, आणि फॉरवर्ड झालेल्या मजकुराचा मूळ लेखक कळत नाही. अफवा आवरायला व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फॉरवर्ड झालेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तरीही चांगलं-वाईट सगळंच दूर जातं.

म्हणून व्हॉट्सॲपवर चालू व्याख्यानातले तुकडे टाकू नका. कार्यक्रम संपल्यावर एकच मजकूर करा आणि त्याच्या आतच, पहिल्या ओळीत, वक्त्याचं नाव, विषय, ठिकाण, तारीख आणि टिपण कुणाचं हे लिहा. ही ओळ शेवटी ठेवली तर फॉरवर्ड करणारा ती खुशाल कापतो. सुरुवातीला असेल तर निदान कापायला हात अडखळतो. चालू कार्यक्रमाची खबर द्यायचीच असेल तर स्टेटस वापरा, ते चोवीस तासांत आपोआप जातं.

फोटो

पडद्याचा फोटो घेताना सभागृहात अंधार आणि पडदा लख्ख, त्यामुळे स्लाइड पांढरीफटक येते. फोनवर पडद्याच्या जागी बोट दाबून धरा, फोकस अडकला की उजेड खाली ओढा. अक्षरं लगेच उमटतात. फ्लॅश बंदच ठेवा, त्याने पडद्यावर काहीही फरक पडत नाही, फक्त वक्त्याचे डोळे दिपतात. पुढच्या रांगेतली डोकी कापून टाका.

वक्त्याचा फोटो टाकताना चार-पाच काढून त्यातला बरा निवडा. अर्धवट मिटलेले डोळे, उघडं तोंड असा फोटो कुणाचाही निघतो आणि मग तोच वर्षानुवर्षं शोधात वर येतो. श्रोत्यांतली लहान मुलं, झोप लागलेले आजोबा, प्रश्न विचारताना रडू आलेली एखादी बाई, यांचे चेहरे टाकायचे नाहीत. वक्ता सार्वजनिक जागी बोलायला तयार होऊन आलेला असतो. श्रोते फक्त ऐकायला आलेले असतात.

स्लाइडचा फोटो टाकला तर त्यातला मजकूर फोटोच्या वर्णनातही लिहा. एक्सवर त्यासाठी १,००० चिन्हांची जागा असते. दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडर तेच वाचतं. वर्णन नसेल तर त्यांच्यासाठी तिथे काहीच नसतं.

परवानगी आणि कायदा

व्याख्यान ऐकून त्याचा वृत्तान्त लिहिणं आणि व्याख्यानाचं रेकॉर्डिंग करून चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदाही त्या वेगळ्या मानतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकार' या संज्ञेत गायक, नट, जादूगार, गारुडी यांच्या जोडीला व्याख्यान देणारी व्यक्तीही धरली आहे. त्यामुळे व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करू द्यायचं की नाही हा हक्क वक्त्याकडे जातो. दुसरीकडे, त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात चालू घडामोडींच्या वृत्तांकनाला वाजवी वापर म्हणून मोकळीक आहे आणि त्यात जाहीर व्याख्यानाचा वृत्तान्त स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. सारांशरूपाने, नाव देऊन तुम्ही लिहू शकता. अख्खं भाषण विनापरवानगी लाइव्ह करणं त्यात बसत नाही.

कविसंमेलनात हे फारच जपायला हवं. कवी नवी, अप्रकाशित कविता वाचतो आणि घरी पोचायच्या आत ती पूर्ण कविता चार ग्रुपवर फिरत असते, कधी नावाशिवाय. दोन ओळी आणि कवीचं नाव टाका, बाकी ऐकायला माणसांना येऊ द्या.

वैज्ञानिक परिषदांत अजून न छापलेले निष्कर्ष दाखवतात. काही परिषदा स्लाइडच्या फोटोंना सरसकट मनाई करतात. २०१७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने सॅन दिएगोच्या अधिवेशनात स्लाइडचे फोटो टाकणाऱ्यांना ते काढून टाकायला सांगितलं, आणि डॉक्टर मंडळींत मोठा वाद झाला. नियम पटो न पटो, तो आधी वाचून जाणं हे आपलं काम. बंद दाराआडच्या बैठकांत बऱ्याचदा चॅटम हाउसचा नियम लावतात. लंडनच्या त्या संस्थेत तो १९२७ मध्ये ठरला: ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोण बोललं आणि तो कुठल्या संस्थेचा हे सांगायचं नाही. तिथे टॅग, फोटो, नावं, सगळंच बंद.

चहाच्या वेळी वक्ता जे बोलतो ते कुठल्याच परिस्थितीत पोस्ट करायचं नसतं.

आयोजकांसाठी: लाइव्ह आणि पडदा

लाइव्ह करायचं ठरलं असेल तर सगळ्यात आधी साउंडवाल्याला भेटा. फोन सभागृहाच्या मागे स्टँडवर लावून केलेल्या लाइव्हमध्ये शब्द घुमतात, पंख्याची घरघर आणि शेजाऱ्याचा खोकला तेवढा स्वच्छ येतो. मिक्सरमधून थेट वायर फोनला किंवा कॅमेऱ्याला मिळाली की निम्मा प्रश्न सुटतो. चित्र जरा अस्पष्ट असलं तर लोक चालवून घेतात, आवाज नसेल तर मिनिटभरात निघून जातात.

यूट्यूबवर पहिल्यांदाच लाइव्ह करणार असाल तर ती सोय चालू व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मोबाइलवरून करायचं तर चॅनेलला किमान ५० सदस्य लागतात. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हे कळलं तर काही करता येत नाही. कार्यक्रमाआधी हॉलमध्ये सिनेमाची गाणी वाजत असतील तर लाइव्ह त्यानंतरच सुरू करा. संगीताच्या हक्कांवरून व्हिडिओचा आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडवला जातो.

व्यासपीठामागे पडदा लावून त्यावर लोकांच्या पोस्ट आपोआप दाखवायची कल्पना अधूनमधून कुणाला तरी सुचते. करू नका. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यू यॉर्कच्या वेब २.० एक्स्पोमध्ये अभ्यासक डॅना बॉइड बोलत होत्या आणि त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर ट्विटरवरच्या प्रतिक्रिया सरकत होत्या. त्या त्यांना दिसत नव्हत्या, समोरच्यांना दिसत होत्या. टिंगल सुरू झाली, सभागृहात हशा पिकू लागला, आणि आपण काय चुकीचं बोललो हे बोलणाऱ्या बाईला कळेना. पुढे त्यांनी या अनुभवावर सविस्तर लिहिलं. पोस्ट दाखवायच्याच असतील तर फक्त प्रश्नोत्तरांच्या वेळी, एका स्वयंसेवकाने निवडून, आणि वक्त्याला दिसतील अशा जागी.

बाहेरून आलेले प्रश्न घेण्यासाठीही एक माणूस नेमा. सूत्रसंचालकाकडे तीन चिठ्ठ्या द्यायच्या, प्रश्न विचारणाऱ्याच्या गावासकट. 'नाशिकहून प्रश्न आलाय' असं व्यासपीठावरून ऐकू आलं की घरी बसून ऐकणाऱ्यांनाही आपण मोजले गेलो असं वाटतं.

वक्त्यांनाही एक विनंती: ज्या स्लाइड बाहेर जायला नकोत त्यांच्या कोपऱ्यात तसं ठळक लिहा, आणि सुरुवातीला तोंडानेही सांगा. श्रोते ऐकतात.

चूक झाली तर

चुकीचा आकडा, चुकीचं नाव, पूर्वपक्षाचा घोळ, काहीही झालं तरी पहिली गोष्ट म्हणजे त्याच पोस्टला उत्तर देऊन दुरुस्ती लिहायची: आधी काय लिहिलं, बरोबर काय आहे. मूळ पोस्ट गुपचूप काढून टाकली तर तिचे स्क्रीनशॉट उरतात आणि दुरुस्ती कुठेच दिसत नाही. पण मूळ पोस्टमुळे वक्त्याला त्रास होत असेल, शिवीगाळ सुरू झाली असेल, तर दुरुस्तीची स्वतंत्र पोस्ट करून मूळ काढून टाका आणि काढल्याचं त्यात सांगा. व्हॉट्सॲपवर गेलेलं असेल तर ज्या ग्रुपवर टाकलं त्या प्रत्येक ग्रुपवर दुरुस्ती पाठवा. वक्त्याला स्वतः फोन करून कळवा, त्यांना तिसऱ्याकडून कळण्याआधी.

कार्यक्रम संपल्यावर

त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या पोस्ट एका सलग टिपणात जोडा. थ्रेड चार दिवसांत खाली जातो, शोधून सापडत नाही. टिपणात व्याख्यानाचा क्रम ठेवायची गरज नाही. मुख्य मुद्दा वर आणा, दाखले त्याखाली. ज्या आकड्यांसाठी जागा सोडली होती त्या भरा. प्रश्नोत्तरांतलं महत्त्वाचं घ्या, विचारणाऱ्यांची नावं त्यांनी हरकत नाही म्हटलं तरच. शक्य झालं तर वक्त्याला टिपण पाठवून चुका आहेत का विचारा, दोन दिवसांची मुदत द्या. बहुतेक जण एक-दोन शब्द बदलून देतात आणि पुढच्या वेळी स्वतःहून स्लाइड पाठवतात.

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, तेव्हा घड्याळ उलटं फिरतं: तिथलं संध्याकाळचं सत्र चालू असताना इथे पहाट असते. तिथून लिहिणाऱ्यांनी थेट पोस्टपेक्षा या टिपणावरच जास्त मेहनत घ्यावी, आणि ते भारतात सकाळी चहाच्या वेळी पोचेल असं टाकावं.

टिपणाच्या तळाशी आयोजकांच्या अधिकृत व्हिडिओची लिंक द्या. व्हिडिओ चार-आठ दिवसांनी चढत असेल तर फोनमध्ये आठवण लावून ठेवा, आणि तो आला की जुन्या थ्रेडच्या शेवटच्या पोस्टला लिंक जोडा. व्हिडिओ एकदा पूर्ण ऐका, तुमचं टिपण शेजारी उघडून. 'अ' अशी खूण केलेली वाक्यं खरंच शब्द न् शब्द तशी होती का, ते ताडून बघा.